केवडा (वनस्पतिरोग)

केवडा : पानांतील हरितद्रव्य कमी होऊन पाने पिवळी वा फिकट पडतात अशा अनेक विकारांचे मराठीतील लोकनाम. सातारा व सांगली जिल्ह्यांत भेंडी, सोयाबीन, मका, ऊस अशा कोणत्याही पिकावर ‘केवडा पडला’ असे म्हणतात. कारण मात्र दर वेळी एकच नसते. भेंडी व सोयाबीनवरील केवडा विषाणूमुळे होतो. मका, ज्वारी व बाजरी यांवरील केवडा बुरशीसदृश जीवामुळे होतो (बाजरीत त्याला ‘गोसावी’ असेही म्हणतात). चुनखडीच्या जमिनीतील उसाचा, विशेषतः खोडव्याचा केवडा हा तर रोगच नव्हे, ती लोहाची कमतरता आहे. प्रस्तुत नोंदीत विषाणुजन्य केवड्याचाच विचार केला आहे.

नावाविषयी दोन तर्क करता येतात. केवड्याच्या कणसाभोवतीची पिवळसर पाने हे नावाचे मूळ असावे, हा एक; तृणधान्यांची रोगट पाने लांब, फिकट व केवड्याच्या पातीसारखी दिसतात, हा दुसरा. भेंडीसारख्या रुंद पानाच्या पिकालाही हेच नाव लागत असल्याने पहिला तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. भेंडीच्या रोगाला ‘हळद्या’ असा पर्यायी शब्दही आहे. तोही रंगावरूनच आलेला दिसतो. सांगलीच्या हळदपेठेशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

भेंडीवरील पीतशिरा केवड्याची पहिली नोंद साधारणतः 1924 ची मानली जाते. ती तत्कालीन मुंबई इलाख्यातील असून कुलकर्णी यांच्या नावावर आहे. रोग विषाणुजन्य असल्याचे उप्पल, वर्मा व कपूर यांनी 1940 मध्ये दाखवले आणि आजचे शास्त्रीय नावही त्यांच्यापासूनच रूढ झाले. त्यामुळे शोधाचे श्रेय 1940 च्या कामाला देणे अधिक योग्य. या गटातील, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूंच्या, रोगांचा सर्वांत जुना उल्लेख म्हणून जपानची सम्राज्ञी कोकेन हिच्या इ. स. 752 मधील कवितेकडे बोट दाखवले जाते. तिच्यात उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या एका रानझुडपाचे वर्णन आहे.

कारक विषाणू बेगोमोव्हायरस वंशातील आहेत. त्यांचा डीएनए एकपदरी व वर्तुळाकार असून एका वर्तुळाची लांबी सुमारे 2,700 न्यूक्लिओटाइड (डीएनए-आरएनएच्या साखळीतील एकेक दुवा) भरते. सोयाबीनच्या पिवळ्या केवड्यात अशी दोन वर्तुळे लागतात : एकात पुनरुत्पादन व आवरणाची जनुके, दुसऱ्यात वनस्पतीच्या शरीरातील प्रवासाची. भेंडीच्या विषाणूत मात्र एकच मुख्य वर्तुळ आहे आणि पूर्ण लक्षणे उमटण्यासाठी त्याला सुमारे निम्म्या लांबीच्या ‘बीटा’ उपग्रह-डीएनएची (मुख्य विषाणूच्या आधारानेच टिकणाऱ्या छोट्या डीएनएची) जोड लागते. हे 2003 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले.

वनस्पतिकोशिकेची भित्ती जाड असल्याने विषाणूला स्वतःहून आत शिरता येत नाही. त्याला आत पोचवते पांढरी माशी. ती पानाच्या खालच्या बाजूस बसून सोंड थेट परिकाष्ठात, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत, खुपसते. रसाबरोबर पोटात गेलेला विषाणू आतड्याची भिंत ओलांडून लाळग्रंथीत पोचायला काही तास लागतात, त्यानंतरच माशी रोग पसरवू लागते. मग बराच काळ पसरवीत राहते. (उसाच्या मोझॅकमध्ये, म्हणजे पानावर हिरवी-फिकट नक्षी उमटवणाऱ्या विषाणुरोगात, उलट घडते. मावा क्षणभर टोचतो, सोंडेला लागलेला विषाणू पुढच्या रोपात सोडतो आणि मोकळा होतो. 2002 पासून सांगलीकडच्या उसावर गाजलेल्या पांढऱ्या लोकरी माव्याकडे मात्र या रोगाचा वाहक म्हणून पाहू नये.)

आत शिरल्यावर विषाणू पोशिंद्याच्या कोशिकेचे केंद्रक गाठतो. डीएनएच्या प्रती काढणारे विकर (एंझाइम) त्याच्याकडे नसते. विभाजन थांबवलेल्या कोशिकेला तो पुन्हा डीएनए बनवण्याच्या अवस्थेत ढकलतो व तिचीच यंत्रणा वापरतो. वनस्पतीही स्वस्थ बसत नाही. विषाणूच्या आरएनएचे 21 ते 24 न्यूक्लिओटाइडांचे तुकडे करून, त्यांच्याच खुणेने उरलेला आरएनए ती शोधून तोडते. उपग्रह-डीएनएपासून बनणारे प्रथिन नेमकी हीच तोड रोखते. चीनमधील टोमॅटोच्या एका संबंधित विषाणूत हेच प्रथिन माशीला नकोशी असणारी टर्पीन द्रव्येही कमी करते, म्हणजे रोगट झाड वाहकाला अधिक मानवते. भेंडीत तसेच घडते असे त्यावरून लगेच धरून चालू नये.

विषाणूचा वावर मुख्यतः परिकाष्ठाभोवती असल्याने भेंडीत आधी शिरा पिवळ्या होतात व मधला भाग हिरवा राहतो. पानावर पिवळी जाळी दिसते. लोहाच्या कमतरतेत नेमके उलटे : शिरा हिरव्या, मधली जागा फिकट. उसाच्या मोझॅकमध्ये कोवळ्या पानाच्या बुडाशी फिकट पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके व तुटक पट्टे उठतात. ही ओळख व्यवहारात मोलाची आहे, कारण हिराकशीच्या (फेरस सल्फेट या लोहक्षाराच्या) फवारणीने लोहाचा केवडा हिरवा होतो, विषाणूचा होत नाही.

विषाणू बियाण्यातून पसरतो का, यावर मतभेद आहेत. काही कडधान्यांच्या बियांत विषाणूचा डीएनए सापडला आहे. तथापि शेतातील प्रसाराचे मुख्य साधन पांढरी माशी हेच मत अधिक ग्राह्य दिसते. उसात मात्र बेणे हाच मुख्य मार्ग असल्याने निरोगी बेणेमळ्याला महत्त्व येते. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे.

रोगट झाडाला औषध नाही. सुरुवातीची पिवळी झाडे उपटणे, बांधावरची तणे काढणे व माशीचा बंदोबस्त हेच उपाय. प्रतिकारक भेंडीत 1985 ची ‘परभणी क्रांती’ प्रसिद्ध आहे. पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला. सोयाबीनबाबत सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे वाण तांबेरा या बुरशीजन्य रोगाच्या प्रतिकारासाठी ओळखले जातात, केवड्याच्या नव्हे.