पिंजरा की मोकळं शेड? आधी कोंबडीची हाडं बघा

अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि ते चढतं मुख्यतः रात्री, पोटातलं खाद्य सरत आलेलं असताना. मग कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून उसनं घेते. दिवसा चाललं, उडी मारली, दांडीवर बसलं की हाड बळकट राहतं. साध्या पिंजऱ्यात तिच्या वाट्याला बहुधा ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही, पंख पसरणं तर दूरच. युरोपीय संघाने २०१२ पासून असे पिंजरे बंद केले.

तरी पिंजरा टिकून आहे, त्याला कारणं आहेत. विष्ठा खाली पडते, अंडं स्वच्छ घरंगळत पुढे येतं आणि खाद्य कमी लागतं. ही शेवटची गोष्ट मोठी आहे. अंड्यामागे हवामानावर जो भार पडतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा खाद्याचा, म्हणजे येवल्याकडे पिकतो तशा मक्याचा आणि सोयाबीनचा. हिंडणारी कोंबडी जास्त खाते.

अमेरिकेत एकाच फार्मवर साधा पिंजरा, दांडी आणि अंडी घालायला आडोसा असलेला मोठा पिंजरा आणि मोकळं बहुमजली शेड, अशी तिन्ही शेजारी ठेवून तपासली. २०१५ च्या निष्कर्षांत मोकळ्या शेडमधल्या कोंबड्यांच्या पायांची हाडं मजबूत निघाली. पण उंचावरून उतरताना आपटून छातीचं हाड मोडण्याचं प्रमाणही तिथेच जास्त होतं. धूळ, अमोनिया, मर आणि खर्चही तिथेच जास्त.

पूर्ण मोकळ्यावर सोडलं तर? निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर ही पाणथळ आहे, जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतली. हिवाळ्यात तिथे परदेशी बदकं उतरतात आणि रानबदकांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. नाशिक विभागातल्याच नवापूरला २००६ मध्ये लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. पाणथळीजवळ कोंबड्या उघड्यावर सोडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

माझा कौल बंदिस्त पण मोकळ्या शेडला: जाळी लावलेलं, बुटक्या दांड्यांचं, अंडी घालायला अंधारा कोपरा असलेलं, मातीत लोळता येईल असं. तिथली कोंबडी कोंबडीसारखी जगते. मात्र सगळी मदार खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर. विष्ठेतलं युरिक आम्ल ओल मिळाली की जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. त्याने डोळे झोंबतात, श्वासनलिका सुजते. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात हे चार दिवसांतही होऊ शकतं. पाण्याची गळकी निपल, म्हणजे कोंबडी चोचीने दाबून पाणी पिते ती तोटी, आधी बदलावी. तूस रोज खालवर करावं. कोरडं काढलेलं तूस पुढे कुजवून द्राक्षबागेला खत म्हणूनही जातं.

पारख सोपी आहे. मूठभर तूस दाबावं. लाडू वळला तर ओल जास्त, धूळ उडाली तर फार कोरडं, किंचित धरून सुटलं तर बरोबर. अमोनियाचा वास मात्र उभ्याने घेऊ नये. आपलं नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं फूटभरावर. शेडमध्ये उकिडवं बसून श्वास घ्यावा.