जाहिरातीतून जमलेला बँड आणि टीव्हीवर घडलेला बँड

स्पाइस गर्ल्स आणि हिअरसे. दोन्ही बँड ब्रिटिश, दोन्ही ठरवून जमवलेले, म्हणून सर्रास एकाच माळेचे मणी समजले जातात. पण एक बंद दाराआड जमला आणि दुसरा लाखो लोकांदेखत, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

स्पाइस गर्ल्सची सुरुवात 1994 मध्ये 'द स्टेज' या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकातल्या जाहिरातीने झाली. निवडलेल्या मुलींना मेडनहेडमधल्या एका घरात ठेवून तालमी करून घेतल्या. पुढच्या वर्षी मुलींनी जाहिरात देणाऱ्या व्यवस्थापकांनाच रामराम ठोकला! पहिलं गाणं आलं जुलै 1996 मध्ये. म्हणजे एकमेकींशी भांडायला आणि जुळवून घ्यायला दोन वर्षं मिळाली, तीही कोणाच्या नजरेत न येता.

हिअरसे घडला तो 'पॉपस्टार्स' या टीव्हीवरच्या स्पर्धेत, जिच्यातून बँडसाठी गायक निवडले जात. हा कार्यक्रम मूळचा न्यूझीलंडचा, 1999 सालचा. आपल्याकडे 2002 मध्ये चॅनल व्हीवर त्यातूनच 'विवा' हा बँड निघाला. ब्रिटनमध्ये हिअरसेचे पाच जण 2001 च्या सुरुवातीला निवडले गेले, तेही परीक्षकांकडून. प्रेक्षकांचं मतदान त्यात नव्हतंच. मार्चमध्ये पहिलं गाणं आलं आणि एका आठवड्यात त्याच्या 5 लाखांहून जास्त प्रती खपल्या. लोकांनी गाणं घेतलं की कार्यक्रमाचा शेवटचा भाग, हा प्रश्नच आहे.

खरा फरक दिसला तो बँडमधलं कोणी सोडून गेल्यावर. 1998 मध्ये स्पाइस गर्ल्समधून जेरी हॅलिवेल बाहेर पडली, तरी उरलेल्या चौघींचं गाणं त्याच नाताळात पहिल्या क्रमांकावर होतं. हिअरसेमधून जानेवारी 2002 मध्ये किम मार्श गेली. तिच्या जागी चाचण्या घेऊन जॉनी शेंटल आला, पण तो आधी याच बँडसोबत नाचलेला निघाला आणि 'हे आधीच ठरलेलं होतं' अशी ओरड झाली. निवड डोळ्यांदेखत झालेली, त्यामुळे लोकांना हा बँड आपलाच वाटत होता. पडद्यामागचा बदल त्यांना कसा रुचणार? ऑक्टोबरमध्ये बँड मोडला.

गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत हरलेल्या पाच जणांनी दुसऱ्या कंपनीशी करार करून लिबर्टी एक्स काढला. मे 2002 मध्ये त्यांचं गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि हिअरसे मोडल्यावरही ते काही वर्षं गात राहिले.