पंखा नसलेल्या लॅपटॉपचा वॅटांचा हिशेब

लॅपटॉप घ्यायला गेलेला माणूस आधी तो एका हातात उचलून बघतो, मग जाडी बघतो, मग प्रोसेसरचं नाव विचारतो. एक आकडा मात्र डब्यावर छापलेला नसतो आणि विक्रेताही सांगत नाही: हे यंत्र सलग किती वॅट उष्णता बाहेर टाकू शकतं? अतिपातळ लॅपटॉपचा वेग, बॅटरी आणि आयुष्य यांची बरीचशी उत्तरं त्या एका आकड्यात असतात. उदाहरण म्हणून २०२२ सालचा ॲपलचा एम-टू मॅकबुक एअर घेऊ. जाडी १.१३ सेंटिमीटर, वजन १.२४ किलो, बॅटरी ५२.६ वॅट-तासांची, आणि आत पंखा नाही.

चिपमध्ये गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. एम-टू हे त्यातल्या चिपचं नाव. तिचे आठही कोर, म्हणजे हिशेब करणारे भाग, जोमाने कामाला लावले की चिप वीसेक वॅट खाते. ती उष्णता चिपवरच्या पातळ पत्र्यातून पसरत ॲल्युमिनियमच्या कवचापर्यंत जाते आणि कवचावरून हवेत. दुसरी वाट नाही. म्हणजे कवच हेच रेडिएटर. त्याचं माप ३०.४१ बाय २१.५ सेंटिमीटर. कीबोर्डची बाजू आणि तळ मिळून साधारण ०.१३ चौरस मीटर पृष्ठभाग. स्थिर हवेत दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, सुमारे १० वॅट उष्णता निघून जाते. धातू ४५ अंशांच्या वर गेला की मांडीवर धरवत नाही. खोली २५ अंशांवर असेल तर फरक २० अंशांचा, आणि गुणाकार येतो २६ वॅट.

हा गुणाकार कागदावरचा. प्रत्यक्षात कडा थंडच राहतात, चिपच्या वरचा भाग तेवढा तापतो आणि तळ टेबलाला चिकटलेला असतो. त्यामुळे हाती निम्म्याहूनही कमी येतं. वीस वॅट मागणारी चिप आणि दहा-बारा वॅट झेपणारं कवच, असा हा जोड आहे.

म्हणून पहिली काही मिनिटं यंत्र पूर्ण वेगाने पळतं. चिपचं तापमान शंभरीच्या आसपास गेलं की ती स्वतःच क्लॉकचा, म्हणजे कामाच्या ठोक्यांचा, वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तो बिघाड नाही. चिप खात असलेली वीज क्लॉकच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे साधारण ०.५१. वेग पाचव्या हिश्शाने घटला आणि उष्णता जवळपास अर्धी झाली. पंखा काढून टाकणं परवडतं ते या गणितामुळे.

हीच चिप त्याच वर्षी पंखा असलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्येही होती. वेबपानं उघडणं, फोटो सुधारणं, छोटा प्रोग्रॅम कंपाइल करणं (यंत्राच्या भाषेत उतरवणं) यांत दोघांत फरक कळत नाही. अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावा, मग कळतो. पंखा असणं पुरेसं नसतं, हेही खरं. २०१८ ते २०२० या काळातल्या इंटेलच्या एअरमध्ये पंखा होता, पण चिपपासून त्याच्यापर्यंत उष्णता नेणारी तांब्याची नळी नव्हती. पंखा आवाज करायचा आणि चिप तापलेलीच राहायची.

आता हा हिशेब मे महिन्यातल्या नागपुरात मांडू. खोली ४० अंशांवर. फरक उरतो पाच अंशांचा आणि कागदावरचे २६ वॅट साडेसहावर येतात. ॲपल स्वतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतं. तेव्हा दुपारी लॅपटॉप रेंगाळला तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठायचं कारण नाही. हलत्या हवेत उष्णता जाण्याचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. ज्या यंत्रात पंखा नाही त्याचा पंखा छतावर असतो, असं समजावं. टेबल फॅनचा झोत त्याहून बरा. तळाखाली दोन बोटं मोकळी जागा सोडणारा स्टँड घेतला तर तळही कामाला लागतो. गादीवर ठेवला की उलटं होतं: तळाला जाळी नसली तरी कापूस उष्णता धरून ठेवतो आणि अर्धा रेडिएटर बाद होतो.

कवचाच्या रंगाने फारसा फरक पडत नाही. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फेकण्यात अगदी मठ्ठ असतं, आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या पाचेक टक्केच फेकतं. ॲनोडायझिंगच्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने धातूवर चढवलेल्या, ऑक्साइड थराने ते प्रमाण पाऊणपटीच्या पुढे जातं. चंदेरी असो की काळपट निळा, अवरक्त किरणांच्या नजरेत दोघे सारखेच. काळपट निळ्याची अडचण वेगळी आहे: चार्जिंगच्या पोर्टपाशी रंगीत थर घासला गेला की खालचा पांढरा धातू डोळ्यांत भरतो.

काही हौशी लोक तळ उघडून चिपवरचा पत्रा आणि तळ यांच्यामध्ये थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ गादी, बसवतात. सलग वेग खरोखर वाढतो, कारण उष्णतेला तळापर्यंत थेट वाट मिळते. पण ती वाट पुढे मांडीवर जाते आणि शेजारच्या बॅटरीलाही शेक बसतो. आमच्या मते हा उद्योग करू नये.

धातूच्या कवचाची आणखी एक तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे: चार्जिंग चालू असताना मनगटाला मुंग्या येतात. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. विद्युत गोंगाट दाबायला आत एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी क्षीण प्रवाह कवचापर्यंत झिरपतो. प्रमाणित चार्जरमध्ये तो धोकादायक पातळीच्या बराच खाली असतो. तीन पिनांची, अर्थिंगची केबल लावली की मुंग्या थांबतात. नाही थांबल्या, तर घरातल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं. स्वस्तातल्या नकली चार्जरबद्दल अशी हमी देता येत नाही.

बॅटरीचं गणित सोपं आहे. व्हिडिओ बघताना १८ तास असा कंपनीचा दावा आहे. ५२.६ भागिले १८, म्हणजे स्क्रीन धरून तीन वॅटसुद्धा नाहीत. तेच यंत्र वीस वॅटने राबवलं तर अडीच तासांत संपतं. ‘बॅकअप निम्मा झाला’ अशी तक्रार असेल तर आधी मॅकमधलं ॲक्टिव्हिटी मॉनिटर हे ॲप उघडून ऊर्जेच्या रकान्यात कोण बसलंय ते पाहावं. बॅटरी चार्जिंगच्या १००० चक्रांसाठी बनवलेली असते, पण उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज ही जोडी तिला लवकर म्हातारी करते. ट्रॅकपॅड क्लिक होईना किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता धरावी. चार्जर काढावा, यंत्र बंद करावं, फुगवटा दाबू नये.

पातळपणाची खरी किंमत फटींमध्ये मोजली जाते. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून ॲपलने इतका उथळ कीबोर्ड वापरला की धुळीचा एक कण बटण अडवायला पुरे होत असे. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. एम-टू एअरची बटणं पुन्हा साधारण एक मिलिमीटर खाली जातात. झाकण आणि कीबोर्ड यांच्यामधली फट मात्र अजून तशीच चिंचोळी आहे. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची सरकती झडप चिकटवून झाकण मिटलं की सगळा दाब त्या एका ठिपक्यावर येतो आणि काच तडकते. तीळभर खडा राहिला तरी तेच. झाकण्याची फारच इच्छा असेल तर कागदाचा तुकडा लावावा, तोही मिटताना काढून.

मेमरी चिपच्या अंगालाच बसवलेली आहे. तारा आखूड म्हणून वीज कमी लागते आणि सेकंदाला १०० गिगाबाइट माहिती ये-जा करते, पण नंतर वाढवता येत नाही. जुना घेणार असाल तर ८ जीबीचा टाळा. मेमरी भरली की मॅक एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणीवर, लिहू लागतो, आणि एम-टूच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये साठवणीची एकच चिप असल्याने तिचा वेग ५१२ जीबीच्या मॉडेलच्या जवळपास निम्मा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलने त्याच किमतीत १६ जीबी देणं सुरू केलं. त्यानंतरचा डबा मिळाला तर तोच घ्यावा.