कार्ब्युरेटरच्या टर्बो इंजिनाचे ट्यूनिंग

कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) जोडल्यावर हवा-पेट्रोलचे मिश्रण, पेट्रोलचा दाब, ठिणगीचे टायमिंग आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) यांचा मेळ बसवण्याचे काम. फ्युएल इंजेक्शन आल्यावर कारखान्यांनी ही जोडी सोडून दिली. घरच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणाऱ्यांनी, विशेषतः अमेरिकेत, ती अजून धरून ठेवली आहे. तिथली नेहमीची मांडणी म्हणजे शेवरलेचे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन, त्यावर होली कंपनीचा चार बॅरलचा (हवेच्या चार वाटांचा) कार्ब्युरेटर आणि बऱ्याचदा भंगारातून आणलेला टर्बो. मिश्रण सांभाळणारा संगणक इथे नसतो. जे काही करायचे ते जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे), स्क्रू आणि स्प्रिंगनेच. त्यामुळे कार्ब्युरेटरला नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

जनरल मोटर्सने १९६२ साली अशा दोन गाड्या बाजारात आणल्या. ओल्ड्समोबिल जेटफायरच्या ३.५ लिटर व्ही-८ चे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) १०.२५:१ इतके चढे होते, म्हणून नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) रोखायला पाणी आणि मिथेनॉल वेगळ्या टाकीतून सोडले जाई. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप अडवला जाई. शेवरले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरने कॉम्प्रेशन ८:१ ठेवून तो व्याप टाळला. तिला वेस्टगेटसुद्धा (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) नव्हता, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टमधला अडथळाच बूस्टला आवर घाली. दोन्ही गाड्यांत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. या मांडणीला ड्रॉ-थ्रू म्हणतात. पुढे लोटस एस्प्री टर्बो, मासेराती बायटर्बो आणि १९८५ ची रेनो ५ जीटी टर्बो यांनी टर्बो आधी आणि कार्ब्युरेटर नंतर ठेवला. ही ब्लो-थ्रू मांडणी.

ड्रॉ-थ्रू जोडायला सोपी, कारण कार्ब्युरेटरला बूस्टचा दाब सोसावा लागत नाही. पण पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जात असल्याने इंटरकूलर (टर्बोत तापलेली हवा थंड करणारा) बसवता येत नाही: त्यात पेट्रोल साचते आणि भडका उडाला तर भरलेला इंटरकूलर पेटतो. थ्रॉटल (पेडलने उघडणारी हवेची झडप) बंद केला की टर्बोच्या तोंडाशी व्हॅक्यूम तयार होतो आणि शाफ्टच्या सीलमधून ऑइल ओढले जाते, म्हणून तिथे कार्बन सील लागतो. तिसरी खोट लवकर लक्षात येत नाही. मॅनिफोल्डमध्ये बूस्ट भरला तरी थ्रॉटलच्या खाली टर्बोच्या ओढीने थोडा व्हॅक्यूम राहतो. त्याला फसून पॉवर व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम उतरला की जादा पेट्रोल सोडणारा) मिटलेला राहतो आणि जास्त पेट्रोल हवे तेव्हाच ते कमी मिळते. पॉवर व्हॉल्व्हला मॅनिफोल्डमधून वेगळी नळी देणे हा त्यावरचा उपाय. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीला ब्लो-थ्रूच घ्यावी. पुढचे विवेचन तिच्याविषयी आहे.

कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. व्हेंच्युरीच्या (कार्ब्युरेटरमधल्या अरुंद वाटेच्या) गळ्यात दाब किती उतरला एवढेच त्याला कळते, आणि त्या प्रमाणात तो पेट्रोल सोडतो. दाबाचा फरक तोच राहिला आणि हवा दाट झाली, तर हवेचे वजन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पेट्रोल मात्र तेवढेच येते. वाईहून महाबळेश्वरला चढलेली जुनी कार्ब्युरेटरची गाडी वर गेल्यावर रिच (पेट्रोल जास्त) चालते, ती याच नियमाने: तिथे हवा विरळ असते. टर्बोत याच्या उलट घडते. १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडात मोजलेला दाब) बूस्टला, इंटरकूलर धरून, घनता साधारण दीडपट होते. १.५ चे वर्गमूळ १.२२. म्हणजे एरवी १२.५:१ वर (वजनाने १२.५ भाग हवेला १ भाग पेट्रोल) बसवलेले मिश्रण बूस्टमध्ये १५.३:१ च्या आसपास जाईल. भरल्या बूस्टमध्ये हवे असते ११.५ ते १२:१. एवढ्या लीन (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. मेन जेट आणि पॉवर व्हॉल्व्हमागची भोके मोठी करणे हे म्हणूनच या कामाचे मर्म आहे.

मोजणी दाबाच्या फरकावर चालत असल्याने फ्लोट चेंबरलाही (तरंगत्या फ्लोटने पातळी राखणाऱ्या पेट्रोलच्या साठ्यालाही) बूस्टचा दाब मिळावा लागतो. कार्ब्युरेटरवर हवाबंद टोपी बसवतात आणि चेंबरची वाफनळी त्या टोपीतच उघडी ठेवतात. मग पेट्रोल त्या दाबाविरुद्ध आत शिरले पाहिजे. आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) ६ पीएसआय लागत असतील, तर १० पीएसआय बूस्टला १६ हवेत. बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर हे काम करतो. पंपाचा डब्यावर छापलेला आकडा बहुधा बिनदाबाचा असतो. ५०० अश्वशक्तीला तासाला १८० लिटरच्या घरात पेट्रोल लागते, आणि ते चढ्या दाबाला मिळाले पाहिजे. पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपतात, ते बदलून भरीव घालावेत. थ्रॉटलच्या शाफ्टला सील नसेल तर पेट्रोलची वाफ गरम इंजिनावर फवारली जाते. हे काम उद्यावर टाकू नये.

ट्यूनिंगची सुरुवात आयडल आणि संथ चालीपासून होते, कारण रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ बूस्टशिवायच चालते. संथ चालीत १४:१ च्या आसपास मिश्रण मिळाले की वेस्टगेटला सर्वांत हलकी स्प्रिंग घालून, जेट मुद्दाम मोठे ठेवून, बूस्टमध्ये जायचे. एक्झॉस्टमध्ये मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि डोळ्यासमोर पेट्रोलच्या दाबाचा गेज, या दोन्हींशिवाय जाऊ नये. तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबल्या दाबल्या सेन्सरचा काटा लीनकडे उडाला आणि परत आला, तर ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा) कमी पडतो आहे. बूस्ट चढताना लीन होत गेला, तर पॉवर व्हॉल्व्हचा मार्ग अरुंद आहे. ११.६ वर नीट टिकला आणि शेवटच्या हजार आरपीएममध्ये १२.८ कडे सरकला, तर आधी दाबाचा गेज पाहावा. दाब पडला असेल तर पंप किंवा लाइन अपुरी आहे. दाब टिकला असेल तर बहुधा फ्लोटची नीडल (चेंबरमध्ये पेट्रोल घेणारी सुईसारखी झडप) लहान आहे आणि चेंबर आटतो आहे. दोन्हींत पाय उचलायचा. अशा वेळी जेट वाढवून काही साधत नाही, उलट खालच्या आरपीएमला गाडी नको तितकी रिच होते.

ठिणगीसाठी सावध ठोकताळा असा, की दर पीएसआयला एक अंश टायमिंग मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडावी. बूस्ट नसताना ३४ अंशांवर चालणारे इंजिन १० पीएसआयला २४ वर. टर्बोतून बाहेर पडणारी हवा १० पीएसआयला सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते, म्हणून इंटरकूलरची किंमत टायमिंगमध्येही वसूल होते. प्लग एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत आणि गॅप ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करावा. दाट हवेत मोठ्या गॅपची ठिणगी विझते. मोठ्या एक्झॉस्टच्या आवाजात नॉकिंग ऐकू येत नाही, त्यामुळे दर फेरीनंतर प्लग काढून भिंगाखाली पाहतात. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर पिस्टन झिजू लागला आहे. बूस्ट उतरवून टायमिंग आणखी मागे घेतल्याशिवाय पुढची फेरी मारू नये.

अमेरिकन लेखनातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथल्या पंपावरचे ९१ ऑक्टेन आपल्या ९५ च्या जवळचे असते. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला संतुलित मिश्रण १४.७ ऐवजी साधारण १३.५:१ लागते, म्हणून सेन्सर लॅम्डामध्ये (संतुलित मिश्रणाला १ धरणाऱ्या मापात) वाचावा आणि भरल्या बूस्टला ०.८ धरावा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धूर तपासणी माफ आहे, त्यामुळे हा छंद तिथे जुन्या गाड्यांवर फुलला. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ मूळ नोंदणीपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन घालते. अशी गाडी इथे बांधायची तर ती खासगी आवारात किंवा ट्रॅकवरच चालवावी.