ज्ञान आणि सामर्थ्य : एका दमात मागितलेली दोन दाने

बायबलमधले कलस्सैकरांस पत्र लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे. पत्र संपवताना तो स्वतःच्या हाताने सलाम लिहितो आणि आपल्या बेड्यांची आठवण ठेवा, एवढेच सांगतो. पण पहिल्याच अध्यायात जी प्रार्थना आहे, तिच्यात सुटकेचा शब्दही नाही. ज्या मंडळीचे तोंडही त्याने पाहिलेले नाही, तिच्यासाठी तो मागतो : तुम्हाला देवाची इच्छा कळावी, सर्व आध्यात्मिक ज्ञान आणि समज तुम्हाला मिळावी, आणि तुम्ही सर्व सामर्थ्याने बळकट व्हावे. हे सामर्थ्य कशासाठी? वाचणाऱ्याला वाटते, आता चमत्काराचे, विजयाचे नाव निघेल. पुढचे शब्द आहेत धीर आणि सहनशीलता. मला तरी या ठिकाणी दर वेळी थांबावेसे वाटते.

ज्ञान आणि सामर्थ्य अशी जोडी लावून मागण्याची ही रीत पौलाच्या काळापेक्षा बरीच जुनी आहे. गिबोन येथे शलमोनाला स्वप्नात विचारले गेले, ‘तुला काय देऊ?’ दीर्घायुष्य, संपत्ती, शत्रूंचा नाश यांतले काहीही त्याने मागितले नाही. त्याने जे मागितले, त्याचा मूळ इब्री शब्दप्रयोग ‘ऐकणारे अंतःकरण’ असा आहे. म्हणजे बायबलमध्ये शहाणपणाची सुरुवात कानापासून होते. दानीएलाची गोष्ट याहून निकडीची. राजाचे स्वप्न सांगता आले नाही तर बाबेलचे सगळे ज्ञानी मारले जाणार होते. रात्री गूढ उलगडले, तेव्हा राजाकडे धाव घेण्याआधी त्याने देवाचे आभार मानले, आणि त्या उपकारस्तुतीत ‘ज्ञान व बल’ तू मला दिलेस असे तो म्हणतो. दोन्ही शब्द तिथे शेजारीशेजारी उभे आहेत.

यशयाच्या अकराव्या अध्यायात इशायाच्या बुंधाला फुटणाऱ्या अंकुरावर परमेश्वराचा आत्मा उतरतो. तो सुज्ञता आणि समज देणारा, मसलत आणि बल देणारा, ज्ञान आणि परमेश्वराचे भय देणारा आत्मा आहे. इब्री पाठात ही नावे सहा आहेत. तिथे भयाचा उल्लेख लगोलग दोनदा येतो, आणि ग्रीक भाषांतरकारांनी त्यातल्या एका जागी ‘भक्ती’ असा शब्द घातला. त्यामुळे सात झाली, आणि ‘आत्म्याची सात दाने’ ही कल्पना पुढे पश्चिमेकडच्या मंडळीत रुजली. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोझ नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना याच दानांची आठवण करून देत असे. बाप्तिस्मा झालेल्याला विश्वासात बळकट करणाऱ्या दृढीकरणाच्या विधीत आजही ही नावे उच्चारली जातात. मराठीतला ‘दृढीकरण’ हा शब्दच किती नेमका आहे पाहा : माणसाला नुसते शिकवायचे नाही, दृढ करायचे आहे.

याकोबाच्या पत्रातले वचन सर्वांना पाठ असते : ज्ञान उणे असेल तर देवाजवळ मागा, तो दोष न लावता उदारपणे देतो. पण हे वचन बहुधा एकटेच उचलले जाते. त्याच्या आधीची वाक्ये परीक्षांविषयी आहेत, विश्वास पारखला जातो तेव्हा धीर कसा उत्पन्न होतो याविषयी आहेत. याकोब ज्या ज्ञानाबद्दल बोलतो, ते संकटात उभे राहण्यासाठी लागणारे ज्ञान आहे.

मग पाचव्या शतकात, बळ देवाकडे मागावे की नाही, यावरून मोठा वाद पेटला. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात देवाला म्हटले होते : ‘तू जी आज्ञा करतोस ते दे, आणि तुला हवी ती आज्ञा कर.’ रोममध्ये एका बिशपाने हे वाक्य पेलागियस या तपस्वी शिक्षकासमोर उच्चारले, तेव्हा त्याला ते सोसवले नाही, असे ऑगस्टीनने स्वतःच नोंदवले आहे. पेलागियसची तळमळ खोटी नव्हती. देवाने नियम दिला, ख्रिस्ताचे उदाहरण दिले, आता माणसाने कंबर कसावी, नाहीतर आळशाला निमित्तच मिळेल, असे त्याला वाटे. म्हणजे ज्ञान देवाकडून यावे, पण बळ माणसाने आपले आणावे. ऑगस्टीनचे उत्तर सरळ प्रभूच्या प्रार्थनेतून आले. ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ असे आपण रोज म्हणतो. बळ आपल्याच हातात असते तर हे मागण्याचे कारण काय? ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने निर्णय दिला की काय करावे हे कळणे आणि ते प्रेमाने करता येणे, ही दोन्ही देवाचीच दाने आहेत. ज्याला चांगले काय ते पक्के ठाऊक असूनही ते हातून होत नाही, त्याला या निर्णयाचे मोल सांगावे लागत नाही.

वाद चालू असताना माणसे प्रार्थना करतच होती. प्रोबा नावाची श्रीमंत रोमी विधवा ४१० मध्ये रोम शहर लुटले गेल्यानंतर आफ्रिकेत आली होती. प्रार्थना कशी करावी, असे तिने ऑगस्टीनला विचारले. उत्तराच्या लांब पत्रात तो इजिप्तच्या संन्याशांचे उदाहरण देतो. त्यांच्या प्रार्थना वारंवार होतात, पण फार छोट्या असतात, झटकन सोडलेल्या बाणांसारख्या. असाच एक बाण योहान कॅसियन या मठवासी लेखकाने अब्बा इसहाक या इजिप्तच्या संन्याशाच्या तोंडून टिपून ठेवला आहे : ‘हे देवा, मला सोडवण्यास ये, हे परमेश्वरा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर.’ स्तोत्रसंहितेतले हे वचन केव्हा म्हणायचे, हे इसहाक अगदी घरच्या भाषेत सांगतो. भूक अनावर झाली तर म्हणा. वाचायला बसल्यावर डोके दुखू लागले, झोपेने तोंड पवित्र पानावर चिकटू लागले, तरी म्हणा. पुढे बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमात या वचनाने प्रार्थनेचे प्रहर सुरू होऊ लागले, आणि मठांमधून ते आजही म्हटले जाते.

मध्ययुगात पवित्र आत्म्याला हाक मारणारी लॅटिन स्तोत्रे आली. १५४८ मध्ये छापलेल्या, येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याच्या साधनापुस्तकाने मनात उठणाऱ्या प्रेरणा पारखण्याची शिस्त दिली. विसाव्या शतकात अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ रेनहोल्ड नीबूर यांच्या नावाने ओळखली जाणारी छोटी प्रार्थना पसरली. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य आणि दोहोंतला फरक ओळखण्याचे शहाणपण ती मागते. दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी ती उचलून धरली, यात मला नवल वाटत नाही.

हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९४२ च्या अखेरीस लिहिले होते की संकटात लागेल तेवढे बळ देव देतो, पण आगाऊ देत नाही, कारण मग आपण त्याच्यावर न विसंबता स्वतःवर विसंबू. काही महिन्यांतच, एप्रिल १९४३ मध्ये, त्याला अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले गेले. त्या वर्षीच्या नाताळात त्याने सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या : एक सकाळची, एक संध्याकाळची, एक विशेष संकटाच्या वेळची. सकाळची प्रार्थना म्हणते की मला एकट्याला प्रार्थना करता येत नाही, मन एकाग्र करायला तू मदत कर. माझ्यात अंधार आहे, तुझ्याजवळ प्रकाश आहे. मी दुबळा आहे, तुझ्याजवळ साहाय्य आहे. तुझे मार्ग मला समजत नाहीत, पण माझा मार्ग तुला ठाऊक आहे.