मे महिन्यातला गोल्डफिश

क्रॉफर्ड मार्केटमधून फुगवलेल्या पिशवीत गोल्डफिश घरी येतो, गोल काचेच्या भांड्यात पडतो आणि मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी उलटा तरंगताना दिसतो. ‘गरमी सोसली नाही बिचाऱ्याला,’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. पण 30 अंशांच्या पाण्याने लगेच जीव जावा इतका हा मासा लेचापेचा नाही. त्याला नडतो तो कोंडलेला श्वास आणि स्वतःचीच घाण. गरमी या दोन्हींना हातभार लावते.

गोल्डफिश मूळचा चीनचा, रोहू-कटल्याच्याच कुळातला. थंड पाण्यासाठी त्याचं शरीर किती तयार आहे पाहा: गोठलेल्या तळ्यात प्राणवायू संपला, तर तो अंगात साचणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून चक्क अल्कोहोल बनवतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. त्याचा भाऊबंद क्रूशियन कार्प हेच करतो तेव्हा त्याच्या रक्तात 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा 30 ची! पण ही करामत चालते कडाक्याच्या थंडीत, शरीराचा सगळा कारभार मंदावलेला असताना.

मुंबईत उलटा प्रकार. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्याच 10 अंशांच्या फरकाने माशाची प्राणवायूची गरज मात्र दुपटीच्या आसपास जाते. त्यात भांडं गोल. ते गळ्यापर्यंत भरलं की हवेला भिडणारा पृष्ठभाग बशीएवढा उरतो, आणि प्राणवायू पाण्यात शिरतो तो तिथूनच. मग मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. मुलं म्हणतात, भूक लागली. पडले चिमूटभर दाणे.

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, म्हणून तो सतत खायला तयार आणि सतत घाण करायलाही. कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो तो वेगळाच. अमोनियाचा पाण्यात मुक्त राहणारा भाग जास्त विषारी. पाण्याचा पीएच 8 असेल, तर 20 अंशांना हा भाग 4 टक्क्यांच्या आत असतो, 30 अंशांना साडेसातच्या घरात. म्हणजे घाण तितकीच, विष दुप्पट.

हा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग बराच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. तो स्पंज रविवारी नळाखाली चकाचक धुणारे लोक पाहिले की जीव तुटतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारण्यासाठीच. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात पिळावा, बस्स.

उपाय म्हणून बर्फाचे तुकडे टाकू नका; पारा झपकन उतरतो नि पुन्हा चढतो, आणि ही उलथापालथ माशाला जास्त जाचते. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडलेला बरा. लिटरभर पाणी वाफ होऊन उडताना 100 लिटर पाणी 5-6 अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. अर्थात मुंबईच्या दमट हवेत पाणी उडतंच सावकाश, शिवाय भोवतालची हवा उष्णता परत देत राहते. एक-दोन अंश उतरले तरी खूप समजा. लांब, पसरट टाकी, चोवीस तास एअर पंप, दाणे निम्मे. पाणी सकाळी बदला, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येतं ते जवळपास आंघोळीचं असतं. आणि क्लोरीन काढणारे थेंब विसरू नका.

सोसायटीच्या बागेतल्या हौदात कोई मासे असतील, तर धोक्याची वेळ दुपार नव्हे, पहाट. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही माशांच्या जोडीने तो वापरतं. सूर्य उगवायच्या सुमाराला साठा तळाला गेलेला असतो. वीज वाचवायची म्हणून कारंजं रात्री बंद करणाऱ्या कमिटीला हे कुणीतरी सांगायला हवं. बंद ठेवायचंच असेल, तर दुपारी ठेवा.