भूवैज्ञानिक माहितीचे व्यवस्थापन (खाण उद्योग)

जमिनीखाली खनिज कुठे, किती आणि कोणत्या प्रतीचे आहे हे ठरवण्यासाठी केलेल्या नोंदी, मोजमापे व रासायनिक विश्लेषणे बिनचूक ठेवण्याची, आणि कोणत्याही आकड्याचा माग मूळ दगडापर्यंत काढता येईल अशी जपण्याची पद्धत. खाण उघडण्यापूर्वी खनिजसाठा कोणी पाहिलेला नसतो. बोअरहोलमधून (ड्रिलिंगने घेतलेल्या खोल छिद्रातून) आलेल्या थोड्याशा दगडावरून त्याचा अंदाज बांधतात. म्हणून तो दगड आणि त्याच्या नोंदी हीच खाणीची खरी भांडवली मत्ता.

ड्रिलिंगमधून निघणारा दंडगोलाकार गाभा (कोअर) खणांच्या पेट्यांत क्रमाने मांडतात आणि प्रत्येक टप्प्याअखेर खोली लिहिलेला ठोकळा ठेवतात. ३ मीटर खोदून २.४ मीटरच गाभा हाती आला, तर प्राप्ती ८० टक्के. उरलेले ६० सेंटिमीटर बहुधा ढिसूळ थरातले असतात, आणि कधी कधी धातुक (धातू असलेला दगड) नेमके तिथेच असते. त्यामुळे प्राप्ती न नोंदवलेला बोअरहोल अर्धवटच समजावा. पुढे गाभा उभा चिरतात. एक अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, दुसरा पेटीतच राहतो. पाठवलेल्या नमुन्यांत धातूचे प्रमाण आधीच माहीत असलेले, खनिजविरहित (ब्लँक) आणि दुबार नमुने मिसळलेले असतात. कोणता कुठला हे प्रयोगशाळेला सांगत नाहीत. ब्लँकमध्ये धातू सापडला, तर दगड भरडताना आधीच्या नमुन्याची भुकटी मिसळल्याचा संशय घ्यावा लागतो. विश्लेषणच न झालेल्या जागी शून्य लिहिणे ही साधी वाटणारी चूक सरासरी प्रत खाली ओढते.

अर्धा गाभा राखण्याचे मोल इंडोनेशियातील बुसांग प्रकरणाने दाखवले. कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने बोर्निओ बेटावरील या जागी सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे सांगितले. फेब्रुवारी १९९७ मध्ये अंदाज सुमारे ७ कोटी औंसांवर गेला होता. गाभा अर्धा राखण्याऐवजी जवळजवळ सगळाच भरडला जाई, त्यामुळे पडताळायला फारसे काही उरत नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या आगीत नोंदीही जळाल्या. फ्रीपोर्ट-मॅक्मोरॅन कंपनीने जुन्या छिद्रांशेजारी नवी छिद्रे घेतली आणि सोने नगण्य असल्याचे मार्चमध्ये जाहीर केले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार संस्थेने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचा निष्कर्ष दिला. नमुन्यांतले कण नदीच्या वाळूतल्या सोन्यासारखे गोलसर होते. या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ मध्ये ‘एनआय ४३-१०१’ हा नियम लागू केला. साठ्याच्या जाहीर आकड्यामागे पात्र तज्ज्ञाची जबाबदारी आली. साठे जाहीर करण्याविषयीची ऑस्ट्रेलियाची ‘जॉर्क’ संहिता १९८९ पासूनच होती.

भारतात या कामाचा मोठा भार नागपूरवर आहे. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय (स्थापना १९४८) आणि ड्रिलिंग करणारी, आता मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड (एमईसीएल) नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी (१९७२) तिथेच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार हे पोर्टल सुरू झाले, ही फार दिवसांची गरज होती. जुने अहवाल अशा भांडारात आणताना निर्देशांकांकडे (जागेच्या अक्षांश-रेखांशांकडे) काटेकोर पाहावे लागते. पूर्वीचे भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती प्रारूपावर), तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या प्रारूपावर आधारलेले; रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले, तर एखादे छिद्र नकाशावर आपल्याच भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर जाऊन बसते.